शिल्लक

सव्वीस वर्षं नोटा मोजतोय, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
त्यातली एकही माझी नाही.
सुटताना गेटवर झडती होते,
खिसे उलटे, डबा उघडा, चपला झटकून.
कँटीनमधले दोन वडे मी पोटातून बाहेर नेतोय
हे आजवर कुणाच्या हाती लागलं नाही.
असे चौऱ्याण्णव किलो
राजरोस चोरून घरी आणले मी.

डॉक्टर दातीर म्हणाले, साखर काठावर आहे.
म्हणजे दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलंय,
गळ्याशी आलेलं नाही अजून.

मुलीने फोनमध्ये वही टाकून दिली.
वहीला पिझ्झा माहीत, ओट्स माहीत,
नाचणीची भाकरी विचारली की गप्प.
मिसळीचं म्हणे: एक वाटी.
एक वाटी!
रश्श्याची तिसरी वाटी न विचारता ओतणाऱ्या या गावात
हे कुणी शिकवलं हिला?

मग काटा आणला, ग्रॅम दाखवणारा.
भाकरी एकशे दहा.
तेल, चमचा भरून नव्हे, चमचा पुसून.
दाण्याचा कूट,
इथे जरा हात थरथरला.
कालिंदी ओट्याशी उभी राहून बघत होती.
सत्तावीस वर्षं तिने चिमटीने, मुठीने, नजरेने रांधलंय.
म्हणाली, माझ्या हातावर विश्वास नाही, असंच ना?
मी म्हटलं, अगं आकड्यांचं आहे हे, तुझं नाही.
तिने पीठ मळता मळता
कोपराने काटा बाजूला सरकवला.

पहाटे पांडवलेणी चढायला लागलो.
पहिल्या दिवशी मधल्या वळणावरच बसलो.
एका शाळकरी पोराने बाटली पुढे केली, आजोबा, पाणी?
बावन्न वय माझं.
वर पोचलो तेव्हा काळीज कानात वाजत होतं,
खाली हायवेवर ट्रक मुंग्यांसारखे,
आणि फोन सांगत होता, एवढ्या चढाची कमाई
दीड पाव.
मिसळीतला. रस्सा सोडून.

तेव्हा कळलं, पोट डोंगरावर उतरत नाही,
ताटात उतरतं.
मग चढायचं कशाला?
हे मी स्वतःला बरेच दिवस विचारलं,
चढता चढता.
एवढंच लक्षात आलं की ज्या दिवशी चढलो नाही
त्या रात्री वहीशी खोटं बोललो.
मूठभर चिवडा खाल्ला
आणि लिहिला नाही.

सात महिन्यांत अकरा किलो.
पट्ट्याला दाभणाने तीन भोकं पाडली.
पाळदे मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाला,
काही आजार तर नाही ना रे?

एका रविवारी कालिंदीही सहज
वजनाच्या यंत्रावर उभी राहिली, पदर सावरत.
मागच्या वर्षीपेक्षा पाच जास्त.
मी बघतच राहिलो, ती मात्र हसली.
"दोन्ही वेळची तुम्ही ठेवलेली अर्धी भाकरी,
कुठे जाते वाटलं तुम्हाला?"

गठ्ठ्यात एक नोट कमी निघाली
तर अख्खा हॉल थांबवणारा माणूस मी.
दोनशे दिवस समोर बसून
ती अर्धी भाकरी पलीकडच्या ताटात जाताना
मला दिसली नाही.
घरातलं वजन घरातच फिरत होतं,
आणि माझ्या वहीत
तिच्या नावाचा रकाना नव्हता.

आता ती मोजून तीन थापते. लहान.
उरत नाही, उरलीच तर दारच्या गाईला.
आणि माझ्याबरोबर येते पांडवलेणीला,
गुडघ्याला पट्टा बांधून,
वळणापर्यंतच.
वर जायचा आग्रह मी करत नाही.
तिथे बसतो दोघं, घाम वाळेपर्यंत.
किती जळलं ते बघायचं बरेचदा राहून जातं.

परवा तिने पिशवीतून दोन पेरू काढले,
दोन्ही तळव्यांवर जरा खालीवर केले,
एक मला दिला.
"एकशे सत्तरचे आहेत," म्हणाली. "दोन्ही."

तिथे मी तो नुसताच खाल्ला, मीठ न लावता.
तिचा तसाच राहिला होता पिशवीत.
घरी आल्यावर, ती आंघोळीला गेली तेव्हा,
मी तो गुपचूप काट्यावर ठेवला.

एकशे अडुसष्ट.