खडक होता का

लेटरहेडवर 'इंगळे अँड सन्स' छापून आणलं बाबांनी
तेव्हा मी जन्मायची होते.
भाऊ झालाच नाही. फाईल माझ्याकडे आली.

हजीऱ्यापुढे नाल्याची भिंत, एकशे दहा मीटर.
निविदेत लिहिलेलं : खोदाई, साधी माती.
दीड मीटरवर कुदळ वाजली.
हरविलास मेट वर बघून म्हणाला,
ठेकेदारसाब, ये तो किले की जड़ निकल आई.

राजौरिया उपयंत्री स्कूटरवरून आले,
खड्ड्यात वाकले, पानाची पिचकारी टाकली
(त्या खडकावर सरकारची सही झाली ती तेवढीच)
आणि म्हणाले, काम थांबवू नका,
जादा बाबीत घेऊन टाकू.

घेऊन टाकू.
या दोन शब्दांवर बाबांनी मुरारहून ब्रेकर आणला भाड्यानं,
एकोणीस दिवस.
माझी कॉलेजची फी त्याच्या डिझेलात गेली,
मी बी.कॉम. आहे ती त्यामुळे.
बाबांचे कानही त्यातच गेले. आधी उजवा.

मापपुस्तकात राजौरियांनी पेन्सिलीनं लिहिलं : कठीण खडक.
मग त्यांची बदली झाली.
शाईनं लिहिलं गेलं : साधी माती.
नवे साहेब नाल्याकाठी उभे राहून म्हणाले,
मला तर इथं फक्त भिंत दिसते.

आता कलमं मला तोंडपाठ आहेत.
तोंडी हुकूम ग्राह्य नाही.
जादा काम तीस दिवसांत लेखी कळवावे;
बाबांनी कळवलं बेचाळिसाव्या दिवशी,
कारण मधले बारा दिवस ते रात्रीचं काँक्रीट ओतत होते,
उशिराचा दंड लागू नये म्हणून.
दंड लागला तो लागलाच.
अनामत अडकली ती वेगळी.
थकलेल्या रकमेवर व्याज नाही, हेही लिहिलेलं आहे,
बारीक अक्षरात, बाबांच्या सहीच्या बरोबर वर.

नऊ वर्षं. पहाटेची गाडी, भोपाळ, अधिकरण.
कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकील नवे,
एकदा फाईलच ग्वाल्हेरला राहिली आणि आम्ही तिकडे.
कुलश्रेष्ठ वकील दर वेळी म्हणतात, केस मजबूत आहे,
आणि मग हळूच, पुरावा तेवढा भिंतीखाली आहे.
भिंत पाडली तर सिद्ध होईल.
भिंत पाडली तर गुन्हा होईल.

परवा बाबांची साक्ष झाली.
साहेबांनी विचारलं, खडक होता का?
बाबा माझ्याकडे बघायला लागले.
मी डाव्या कानाशी ओरडले, खडक होता का, विचारतायत!
सगळं दालन दचकलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली :
साक्षीदाराला मुलगी पढवते आहे.

बाबा हसले. ऐकू न येणारी माणसं बोलतात
तितक्या मोठ्यानं म्हणाले,
साहेब, तुम्ही ग्वाल्हेरला कधी आला आहात?
स्टेशनातून बाहेर पडा आणि मान वर करा.

टंकलेखकाचे हात थांबले. साहेबांनी सांगितलं,
लिहा : साक्षीदाराने प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही.
पुढली तारीख अठरा.

परतताना बाबांनी रिक्षा हजीऱ्याकडे वळवायला लावली.
भिंतीच्या भोकांतून पाणी थेंबथेंब येत होतं,
यायला हवं तसं.
दोषदायित्वाचा काळ कधीच संपला तिचा,
इतक्या वर्षांत केसाएवढीही कललेली नाही.
टोकाला बाहेर राहिलेल्या सळईला
कुणी तरी बकरी बांधली होती.
बाबा तरातरा गेले, दोरी सोडली,
बोटानं सळईचा गंज खरवडून बघितला
आणि मालक शोधत फिरले बराच वेळ,
एका हातात दोरी, एका हातात फाईल,
हाका मारत, स्वतःला न ऐकू येणाऱ्या.