कोमट

नाना पेठेतून आणलेला खोका मी मांडीवर धरून आले.
आत फडक्यात गुंडाळलेली लोखंडी झडप,
दोन फ्लँज, व्हॅक्यूमचा डबा, वावभर काळी नळी.
पावतीवर लिहिलेलं: एक्झॉस ब्रेक, १ नग.
खाली लाल शाईत: परत घेतला जाणार नाही.

आतारचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला,
झडप बल्बासमोर धरून बोटाने फिरवली.
उघड. मीट. उघड.
"गाडी कोणाची?"
"माझी."
"चालवतं कोण?"
"मीच."
मग काही विचारलं नाही.
पोराला म्हणाले, सायलेन्सर निवलाय का बघ.

कोंढव्याच्या त्या शेडमध्ये दुपारभर
माझ्या पिकअपचं पोट उघडं होतं.
हॅक्सॉने नळकांडं कापलं
तशी नऊ वर्षांची काजळी भुरभुरली पोराच्या भुवयांवर.
सासवड ते मार्केट यार्ड, यार्ड ते सासवड,
अंजीर, वाटाणा, एकदा कुणाचं तरी रुखवत.
एवढं सगळं जळून
मूठभर.

वेल्डिंग सुरू झालं, मी तोंड फिरवलं.
भिंतीवर निळा उजेड येत होता, जात होता.

तीन वर्षांपूर्वी बोपदेवच्या तिसऱ्या वळणावर
रंगनाथच्या पायाखाली पेडल फळीला टेकलं होतं.
लायनरचा तो वास, केस जळल्यासारखा,
ताडपत्रीला अजून येतो.
त्याने डोंगराला घासत घासत गाडी उभी केली.
कोणी मेलं नाही.
दोन क्रेट फुटले, एक आरसा गेला.
तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही.
लोक म्हणतात, गुडघा.
मीही म्हणते, गुडघा.

झडपेच्या पाटीला मधोमध भोक होतं, मसुराएवढं.
"चाचा, फुटकी दिली हो त्याने."
चाचा हसले, पान गालात सरकवलं.
"राहू दे ते. धूर अडवायचा, कोंडून मारायचा नाही.
पुरता कोंडला तर आतून व्हॉल्व्ह उचलतो,
स्प्रिंगा हरतात.
जरासं निसटायला पाहिजे."

मग क्लचपाशी एक स्विच, अ‍ॅक्सिलरेटरपाशी एक,
डॅशबोर्डवर गणपतीशेजारी लाल बटण.
"दोन्ही पाय उचलले की आपोआप लागतो.
काही करायचं नाही, हे पायाला शिकवायला
आठवडा जाईल, ताई."

पहाटे साडेतीन. बेचाळीस क्रेट अंजीर.
रंगनाथ न सांगता डाव्या सीटवर येऊन बसला,
मफलर कानावरून, पिशवी पायात.
मी काही बोलले नाही. तोही नाही.

घाटमाथ्यावर दुसरा गिअर. बटण दाबलं.
पाय उचलले
आणि गाडीने खालच्या पट्टीत घसा खाकरला,
मग नुसता घुमत राहिलेला आवाज,
पोटात दम धरून चाललेलं जनावर.
वेग वाढेना. खाली अख्खं पुणं दिवे लावून पसरलेलं,
आणि आम्ही त्याच्याकडे
चालत गेल्यासारखे.

तिसऱ्या वळणाला रंगनाथचा उजवा पाय
मॅटवर करकचून दाबला गेला,
जिथे पेडल नाही.
मी आरशात बघत राहिले.
आरशात नुसता अंधार होता.

खाली पंपाशी थांबलो.
इथेच आम्ही ड्रमवर बाटलीने पाणी ओतायचो,
चर्र व्हायचं, वाफेत एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत.
तो उतरला. वाकला. गुडघा काही आडवा आला नाही.
मागच्या ड्रमला आधी बोट लावलं, मग पंजा.
"कोमट आहे," म्हणाला.

पंजा तिथेच.

"त्या रात्री मी ओरडलो होतो.
तू मागे क्रेटवर झोपलेली.
उडी मार म्हणून ओरडत होतो.
तुला ऐकूच गेलं नाही."

पंपावरच्या पोराने विचारलं, डिझेल टाकायचंय का.
नको म्हटलं.
हात पुसायला मी रंगनाथला फडकं दिलं,
झडपेला गुंडाळलेलं, तेच.
साडेचार होत आले होते.
अंजीर कोणासाठी थांबत नाही.