करवंटीभर चुना

जसिंताबाई डब्यात फूल घेऊन आल्या,
डबा स्टीलचा, झाकण लागेना म्हणून वर रुमाल.
"गुलाबी म्हणान दिलंस. ह्या निळा कशाक?"
रोपवाटिकेत तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती,
काजूची कलमं निवडत. तीही वळून बघू लागली.

मी काय सांगणार?
बेळगावहून टेम्पोत आलं तेव्हा गुलाबीच होतं,
तिकडच्या कुंडीतल्या काळ्या मातीत.
परुळ्यात तुम्ही गडग्यापाशी लावलंत,
पाय जांभ्यात गेले.
आपली माती आंबट, बाई.
त्या आंबटपणात जांभ्यातलं ॲल्युमिनियम सुटतं,
मूळ ते पितं, आणि फूल निळं होतं.

"ॲल्युमिनियम? टोपातला?"
तेच.
"आणि माती तांबडी?"
माती तांबडी.
त्या बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिल्या,
नखांत बसलेल्या लाल मातीकडे,
हिशेबात कुणी दहा रुपये लपवल्यासारख्या.

गुलाबीच कशाला, हे मी विचारलं नाही.
रंगाचं कारण विचारलं
की गिऱ्हाईक दुसरी रोपवाटिका शोधतं.

मग चुना. दुकानातला नाही;
खवण्याच्या खाडीवर तुळाजी अजून शिंपले भाजतो,
कालवांचे, तिसऱ्यांचे,
वाऱ्याकडे पाठ करून.
पोतं आणलं, विरवला, चाळला.
खोडापासून हातभर सोडून, गोल,
महिन्याला एक करवंटी.
पातेरा झाडून काढला.
मासे धुतलेलं पाणी बंद.
ह्यावर मात्र त्या दोन दिवस रुसल्या.

शाळेतल्या गावकर सरांकडून लिटमसच्या पट्ट्या मागून आणल्या.
माती पाण्यात कालवायची, गाळायची, पट्टी बुडवायची.
आंबट असेल तर निळी पट्टी तांबडी होते,
आणि त्याच मातीत फूल निळं.
"कागद आणि फूल," जसिंताबाई म्हणाल्या,
"एकमेकांशी बोलणत नाय काय?"

पहिल्या वर्षी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
चुना जास्त झाला, झाडाला लोह मिळेना.
दुसऱ्या वर्षी निम्मा चुना पाण्याबरोबर व्हाळात,
आणि फुलं आली ती वांग्याच्या फुलासारखी,
ना धड इकडची, ना धड तिकडची.
त्या खूश. मी नाही.
तिसऱ्या वर्षी एकाच बाजूला,
नाताळात खुरसाच्या चौथऱ्याला सफेदी काढून
कुणीतरी उरलेली बादली ओतली होती तिथे,
एक घोस, गुलाबी.
माझ्या करवंट्या, माझ्या वहीतल्या तारखा,
आणि ती बादली.

त्यांनी तोडला नाही.
प्लास्टिकची खुर्ची ओढून समोर बसल्या.
"बस्त्यावचो शर्ट असोच होतो."
पुढे काही नाही.
मी चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला.

यंदा त्या लेकीकडे, मस्कतला.
फाटकाची किल्ली माझ्याकडे.
चार महिने चुना घालायला विसरले.
विसरले असंच म्हणू;
चुन्याने बोटं फाटतात, आणि कलमांचा हंगाम होता.

काल फोन आला. मागे नातू रडत होता, टीव्ही चालू.
"कसलो रंग?"
मी झाडापुढेच उभी.
आठ घोस. त्यांतले सात
कडेकडेने निळे व्हायला लागलेले,
आठवा तळाला, पानांच्या आड,
मुठीएवढा, अजून हिरवा.
त्याच्याकडे बघत म्हटलं,
"हिरवे आहेत, बाई. अजून ठरलं नाही."

फोन ठेवला. पिशवीतून करवंटी काढली.
तुळाजीचा चुना डब्यात बसून बसून
दगड झाला होता.
खुरप्याच्या मुठीने
फोडत बसले.