काउंटरवरची बरणी

सभेत हॉइट लेडबेटर उठला,
टोपी हातात, आवाज करवतीसारखा:
"आमच्या बापाने कधी कुणापुढे हात पसरला नाही.
ज्याने त्याने आपलं बघावं."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
फाटलेला अंगठा त्याने स्वतःच शिवलाय
गळाच्या दोरीने, गोठ्यातल्या दिव्याखाली.
अशा माणसापुढे काय बोलणार?

रात्री तो पंपावर आला. डिझेल, तंबाखू.
काउंटरवर लोणच्याची रिकामी बरणी,
तिच्यावर ट्रीनाच्या धाकटीचा फोटो,
पुढचे दोन दात पडलेले,
खाली मार्करने: किडनीसाठी.
विसाची नोट दुमडत दुमडत
त्याने नखाएवढी केली,
आणि मी सुट्टे शोधतोय असं बघून
आत सोडली.

"मग सभेत ते काय होतं?"
"ते वेगळं."
"कसं काय?"
"हिला मी ओळखतो."

मोंटानाचा वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत होता.
जवळचं इस्पितळ नव्वद मैल,
तिथला डॉक्टर फक्त मंगळवारी.
शटर ओढून मी बरणी मोजली:
चारशे अकरा डॉलर, एक शर्टाचं बटण.
बिलाच्या आकड्यातल्या स्वल्पविरामापर्यंत
पोचायलाच अजून अवकाश आहे.

माझी दाढ हरणांच्या शिकारीपासून ठणकतेय.
लवंग धरतो, उजवीकडून चावतो.
गावात मला सगळेच ओळखतात.
पण माझा फोटो, बरणीवर?
जीभ दाढेकडे गेली, परत आली.

बरणी पुसली,
पोरीचं तोंड दाराकडे करून ठेवली.