मुका खांब

आमच्या घरातला क्रोशाचा रुमाल
टेबलावर कधी सपाट बसला नाही.
डावीकडे जराशा चुण्या धरतो.

द्वारकामावशीने आईला शिकवला,
डिलाईल रोडच्या चाळीत, गॅलरीत, रॉकेलच्या डब्यावर बसून.
तीन साखळ्या, दोन खांब, एक मुका खांब.
सातव्या फेरीला गिरणीचा भोंगा व्हायचा,
काका पाळीवरून येणार म्हणून मावशी उठायची,
चहा टाकून परतली की
एक खांब विसरायची.
आईने विसरण्यासकट उचललं.
मीही.

भोंगा गेला. काका गेले.
वीस नंबरचा पांढरा दोरा
लालबागच्या त्या दुकानात आता मिळत नाही,
तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात.

काल मुक्ताने व्हिडिओ बघून विणला.
गोल, गुळगुळीत, एक टाका इकडचा तिकडे नाही.
छान झालाय म्हटलं. खरंच छान होता.
तर म्हणते, आई,
तो आपला वाकडा शिकव ना.

खिडकीबाहेर काचेच्या टॉवरांमध्ये
गिरणीची चिमणी तेवढी उरली आहे,
धूर नाही, काही नाही.

सुई घेतली. सहा फेऱ्या झरझर झाल्या.
सातवीला हात अडला:
मुद्दाम
विसरतात कसं?