जॅकेट नंबर नऊ

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सारंगखेड्याला
अकरा जॅकेटं आली, पोरं बारा.
पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'पोलीस मित्र'.
दोंडाईच्याच्या शिंप्यानं 'त्र' इतका बारीक काढलेला
की दहा पावलांवरून नुसतं 'पोलीस मि' दिसायचं.
हर्षाली कोळी म्हणाली, मला नको, मी ओढणी आडवी बांधते.
तेवढ्यावर तिनं तापीच्या पुलावर
तीन दिवस ट्रॅक्टर अडवले.

रात्री शेकोटीशी फॉर्म वाचत बसलो.
नाव, शिक्षण, रक्तगट, पोहता येतं का.
शेवटचा रकाना:
पोलिसांशी यापूर्वी संबंध आला आहे काय?
सायमा तडवीनं 'नाही'खाली दोन रेघा मारलेल्या.
लोकेशनं लिहिलेलं, मामा होमगार्डला आहेत.
आणि नऊ नंबरच्या पोरानं, निळ्या पेनानं, सावकाश:
हो. लहानपणी. लांबून.

जेहरसिंग नुरला पावरा.
गावाचं नाव वाचलं
आणि शेकोटीच्या धुरातून मला मोहाचा वास आला.

तेरा वर्षं झाली. नाल्यात भट्टी होती,
आम्ही चार मडकी फोडली, एक माणूस धरला.
पाच-सहा वर्षांचं एक पोर
माझ्या टॉर्चच्या उजेडातून निसटलं,
अनवाणी, बाभळीच्या फासांतून, सरळ वर.
साहेब म्हणाले, जाऊ द्या त्याला. मडकी मोजा.
मी मोजली.

सकाळी ओळीत उभं करून सांगितलं:
शिट्टी दोनदाच. कुणावर हात टाकायचा नाही.
आणि काही झालं तरी जॅकेट काढायचं नाही,
त्याच्यामुळेच लोक तुमचं ऐकतात.
तो मान हलवत ऐकत होता.
त्यानं मला ओळखलं होतं का?
मी विचारलं नाही. डोक्यावर टोपी होती माझ्या,
ती जरा पुढे ओढली.

दुसऱ्या रात्री घोडेबाजारात
एका नुकऱ्या घोडीच्या गव्हाणीत पोर सापडली,
चार वर्षांची, कडब्यात अंग चोरून.
लाऊडस्पीकरवर अर्धा तास गुलाबी फ्रॉक ओरडला.
घोडेवाला म्हणे, कोनी पोर शे हाई?
मी नाव विचारायला वाकलो
तर तिनं घोडीचा पुढचा पाय धरला.
जनावर बिचारं हललं नाही.
मी हललो, दोन पावलं मागे.

मग जेहरसिंगनं जॅकेट काढलं.
उलटं केलं, अक्षरं आत,
घडी करून पाठीमागे ठेवलं
आणि लिदीतच मांडी घातली.
काहीतरी बोलला तिच्याशी. बराच वेळ बोलला.
अठ्ठावीस वर्षं नोकरी केली मी या भागात,
त्यातला एक शब्द मला कळला नाही.
पोरीनं पाय सोडला.

पुलापलीकडे ऊसतोडीला निघालेली टोळी थांबलेली,
ट्रॅक्टरच्या चाकाशी तिची आई
डोकं गुडघ्यांत घालून बसली होती.
तिनं पोरीला घेतलं. त्याच्याकडे बघितलं.
माझ्याकडे नाही बघितलं.

स्टेशन डायरीत लिहिलं,
बालिका मातेच्या ताब्यात, वेळ २३.४०.
जॅकेट काढल्याबद्दल लिहायला रकाना नव्हता.
असता तरी.

यात्रा उठली. जॅकेटं परत आली,
नऊ नंबरला अजून घोड्याचा वास.
शिट्ट्या मोजल्या, एक कमी.
कुठे गेली ते मला ठाऊक होतं,
गुजरातच्या रस्त्यावर कुठेतरी ती आता
दोनपेक्षा जास्त वेळा वाजत असणार.
बारा रुपये माझ्या खिशातून भरले.

निघताना त्यानं विचारलं,
साहेब, यंदा भरती निघेल का?
सोळाशे मीटर किती मिनिटांत लागतात?
सांगितलं. म्हटलं, रोज पहाटे पळत जा.
तो म्हणाला, पळायचं येतं मला.

मी म्हणालो, माहीत आहे.

आणि मग आम्ही दोघं
उगाच घोड्यांच्या गाड्या भरताना बघत राहिलो.