शंभरात किती

मिरजेला डॉ. मगदूमांनी फोटो उजेडावर धरला,
तुझ्या डोक्यातला.
तळाशी मोठ्या नळ्या आवळलेल्या,
आणि भोवती बारीक शिरांचं वेडंविद्रं पुंजकं.
जपानी लोक याला धुराचा झुपका म्हणतात, ते म्हणाले.
गंधकाचा, तू म्हणालीस,
शेडमध्ये बेदाण्याला देतात तो.
तीन महिन्यांत पहिल्यांदा हसलीस, वैजयंता,
डावा ओठ जरा मागे राहिला.

पहिला रस्ता मला लगेच पटला.
मनगटातून तार, तारेवर फुगा, आवळल्या जागी जाळी.
डोक्याला ब्लेड नाही, तिसऱ्या दिवशी घर.
म्हटलं, म्हणजे ठिबकला ॲसिड सोडतो तसं?
नाही, म्हणाले, ठिबकमध्ये क्षार साचतो.
इथं नळीची भिंतच आत आत येतेय.
उघडली तरी पुष्कळदा पुन्हा मिटते.

दुसरा रस्ता सांगताना त्यांनी
तुझ्या उजव्या कानशिलावर बोट ठेवलं.
इथं उडते ती शीर,
कातडीची, केसांची, आजवर डोक्याबाहेरच राबलेली,
ती सोडवायची,
कवटीला खिडकी पाडून आतल्या शिरेला शिवायची,
केसाहून बारीक दोऱ्यानं.
किंवा मेंदूवर नुसती निजवायची.
काही महिन्यांत फुटवे आपसूक आत उतरतात.

वीस वर्षं मी दुसरं काय करतोय
सावळजपासून मणेराजुरीपर्यंत?
डॉगरिजचा खुंट, पाचर, पट्टी,
मग रोज सकाळी
उकलून बघायचं नाही म्हणून हात मागे बांधणं.
विचारलं, साहेब, शंभरात किती लागतात?

ते बराच वेळ बोलले.
टेबलावरच झटका येणारेही असतात म्हणाले,
मोठ्या माणसांत दोन्ही रस्ते शेजारी ठेवून
नीट तोललेले नाहीत अजून,
पण माझ्या बहिणीला असतं तर मी शिवलं असतं.
तू मधेच, जड जिभेनं,
एकेक शब्द बेदाण्यासारखा निवडत,
"हे मालकाला नव्वद सांगतात.
मोजायला परत जात नाहीत."

खरं आहे. नाही जात.

आज तुझं अर्धं डोकं भादरलंय.
सिस्टर सांगून गेली,
नंतर त्या बाजूला चष्म्याची काडी टेकायची नाही.
तुझा निवडायचा चष्मा माझ्या खिशात,
तिथंच कलमाची पट्टीही सापडली.
उजवी काडी काढून पट्टी बांधतोय,
मागून, डोक्याला दाब पडणार नाही अशी.
सकाळपासून पाचव्यांदा सोडली.